सोंग, ढोंग आणि बुचाचे बदक

बुचाचे बदक ही वस्तू आपल्याकडे थोड्यांनीच पाहिली असेल. ते खेळणे नव्हे, आणि शोभेची वस्तू म्हणूनही ते जन्माला आलेले नसते. अंग बुचाचे, डोके लाकडाचे, पोटाखाली लाकडाची एक फळी आणि त्या फळीला जडवलेला शिशाचा तुकडा, असा त्याचा घाट असतो. शिसे अशासाठी की वाऱ्याने ते कलंडू नये. रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला. कारण पाठ चकाकली की खरी बदके बिचकतात. पहाटे अशी दहावीस बदके दोरीने बांधून तळ्यावर सोडायची आणि आपण लव्हाळ्यात बंदूक घेऊन बसायचे. वरून जाणारा थवा खाली पाहतो, आपले जातभाई निवांत पोहत असलेले त्याला दिसतात, आणि तो उतरतो. इंग्रजीत या वस्तूला डिकॉय म्हणतात. हा शब्द मूळचा डच असावा आणि त्यात 'पिंजरा' या अर्थाचा शब्द दडलेला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जुन्या काळी खरोखरच जाळीचे लांब बोगदे करून बदकांना त्यांत वळवीत. बुचाच्या बदकाने तो पिंजराही अनावश्यक केला. पक्ष्याच्या मनातला विश्वास हाच येथे पिंजरा झाला.

फसवणुकीचे दोन प्रकार करता येतील. गळाला गांडूळ लावणारा कोळी माशाच्या भुकेला हाक मारतो. मारीच कांचनमृग झाला तोही सीतेच्या मनात एक इच्छा जागी करण्यासाठी. अशा फसवणुकीत फसणाऱ्याचाही काही वाटा असतो, असे आपण म्हणतो. 'लोभ केला नसता तर फसला नसता' हे वाक्य आपल्या तोंडी तयारच असते. बुचाचे बदक मात्र काहीच देऊ करीत नाही. दाणा नाही, मासा नाही, सोने नाही. 'येथे भय नाही, आम्ही बसलो आहोत, तूही ये', एवढेच ते सांगते. त्याच्यावर भाळणारा पक्षी लोभी नसतो. त्याला आपल्या जातीच्या जिवावर विश्वास टाकण्याची सवय असते, आणि त्या सवयीवाचून थव्याने जगणेच शक्य नाही. म्हणून ही फसवणूक अधिक खोल आहे. ती एखाद्या दुर्गुणावर पोसली जात नाही. सद्गुणावर पोसली जाते.

हे सारे विचार मला सुचले ते एका अगदी साध्या निमित्ताने. माझ्या एका स्नेह्यांचे भाऊ बरीच वर्षे परदेशात होते. परतताना त्यांनी तिकडच्या जुन्या बाजारातून अशी तीन बदके आणली होती. भाऊ निवर्तले आणि बदके गोणपाटात गुंडाळलेली स्नेह्यांच्या राजूरच्या घरी पडवीत राहिली. राजूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. वर घाटघर आहे, त्याला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. त्याच पावसाचा पदर आमच्या गावावरही असतो. आमच्याकडची डांगी गुरे या पावसात उभी राहतात, कारण त्यांच्या कातडीवर तेलकट स्राव येतो आणि पाणी निथळून जाते. माणसांना इरले आणि घोंगडी आहे. गोणपाटातल्या बदकांना काहीच नव्हते. पन्हाळीचे पाणी दोन महिने त्या गोणपाटावर पडत होते. श्रावण सरल्यावर ती बाहेर काढली तेव्हा ओल्या विटांसारखी जड झाली होती.

जे पाण्यावर तरंगण्यासाठी केले तेच पाण्याने भरून जावे, यात प्रथम काहीतरी चमत्कारिक वाटते. बूच ही पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक झाडाची साल. झाड पंचवीस वर्षांचे झाले की पहिल्यांदा ती सोलतात, पुढे सुमारे नऊ नऊ वर्षांनी. झाड मरत नाही, पुन्हा साल धरते. रॉबर्ट हूक याने 1665 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकातून कसा दिसला ते वर्णिले आणि त्यातल्या इवल्या कोठड्यांना जे नाव दिले तेच आज जीवशास्त्रात पेशीचे नाव आहे. त्या कोठड्या बंद असतात, त्यांत हवा असते आणि त्यांच्या भिंतींत मेणासारखे द्रव्य असते. म्हणून पाणी सहसा आत शिरत नाही. आपल्याकडे बाशिंगे ज्या भेंडाची करीत ते भेंडही हलकेच. पण भेंड पाणी पिते, बूच पीत नाही. मग ही बदके जड का झाली? कारण पाणी बुचातून शिरलेच नव्हते. ते शिरले होते खिळ्याच्या भोकातून, मानेच्या खुंटीभोवतीच्या फटीतून, फळी आणि अंग जेथे चिकटवले होते त्या सांध्यातून. शिवाय तिघांपैकी दोन बदके अखंड बुचाची नव्हती, बुचाचा चुरा दाबून केलेल्या ठोकळ्याची होती. त्या कणाकणांमध्ये ओल साठली होती. वस्तू बहुधा तिच्या द्रव्यात बिघडत नाही, जोडात बिघडते. माणसांच्या संसाराविषयीही हे म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

ओली वस्तू वाळवण्याचा आपला पहिला उपाय म्हणजे ऊन, नाहीतर चूल. दोन्ही येथे घातक. बाहेरचा थर आधी वाळतो आणि आकसतो, आतला फुगलेलाच असतो. मग तडा जातो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. स्वीडनमध्ये 1628 साली बुडालेले व्हासा नावाचे जहाज 1961 साली वर काढले, तेव्हा त्याचे लाकूड नुसते उघड्यावर ठेवले असते तर चिरफळून गेले असते. म्हणून त्यावर मेणासारख्या एका द्रव्याचे पाणी सतरा वर्षे फवारीत होते. तीन बदकांसाठी एवढा खटाटोप नको होता. स्वच्छ पाण्याने चिखल धुतला, पट्ट्यांच्या मांडवीवर ती उलटी ठेवली, म्हणजे फळीलाही वारा लागावा. आणि सावलीत, वाऱ्याच्या झुळकीत, पण झोतात नव्हे, अशी ती राहिली. दर आठवड्याला वाण्याच्या ताजव्यात तोलायची आणि वजन लिहून ठेवायचे. वजन घटणे थांबले की वाळली असे समजायचे. हाताला कोरडी लागली तेव्हा ती कोरडी नव्हती. ताजवा आणखी पाच आठवडे वेगळेच सांगत होता. वरवरचे कोरडेपण आणि आतले कोरडेपण यांत इतके अंतर असते.

वाळवण्यापर्यंत प्रश्न नव्हता. तो उभा राहिला तो सुताराने. आमच्या गावचे हे सुतारबाबा हाताचे फार स्वच्छ. त्यांनी फटी पाहिल्या, बुचाचा चुरा सरसात कालवून त्या कशा भरायच्या ते सांगितले, गंजलेले खिळे काढून पितळेचे घालू म्हणाले. मग बदक हातात फिरवून त्यांनी मला विचारले, "गुरुजी, रंग नवा द्यायचा का जुनाच ठेवायचा ते आधी सांगा. नवा दिला तर ही बदकं माझी झाली. जुना ठेवला तर ज्यानं केली त्याचीच राहतील."

त्यांच्या या वाक्यात दोन प्रश्न आहेत. एक त्यांनी विचारलेला. आणि दुसरा त्याच्या आधीचा, न विचारलेला. आधीचा प्रश्न असा की, जी वस्तू केवळ जीव फसवून मारण्यासाठी घडवली ती दुरुस्त तरी का करावी? कुजू का देऊ नये?

या प्रश्नाला 'ती हत्या होती, संपली ते बरे झाले' असे झटपट उत्तर देता येते. पण इतिहास एवढा सरळ नाही. अमेरिकेतील नेवाडा प्रांतात लव्हलॉक नावाच्या गुहेत 1924 साली उत्खनन झाले तेव्हा लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेली अकरा बदके सापडली. काहींवर रंग दिलेला आणि खरी पिसे लावलेली होती. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ज्यांनी ती केली ते शोक म्हणून शिकार करीत नव्हते, तळ्यावर पोट भरीत होते. आणि पुढच्या हंगामासाठी त्यांनी ती काळजीपूर्वक पुरून ठेवली होती. आपल्या देशातही तळ्यांवर रिकामी मडकी सोडीत. बदकांना त्यांची सवय झाली की एक दिवस पारधी स्वतःच मडके डोक्यावर घालून गळाभर पाण्यात शिरे आणि बदकांचे पाय धरून त्यांना खाली ओढी. गायपारध्यांनी बैल शिकवून त्याच्या आडून सावज गाठण्याची विद्या मिळवली. ही माणसे पक्ष्याला फसवीत होती हे खरे. पण त्यासाठी पक्षी काय पाहतो, कशाला भितो, कोणावर विश्वासतो, हे त्यांना पक्ष्याइतकेच ठाऊक करून घ्यावे लागले.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार मांडली गेली, आणि त्या एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या याद्या सुरू झाल्या त्या पुढे पारध्यांपर्यंत पोहोचल्या. जन्मतः गुन्हेगार ठरण्याचा तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला, समाजाच्या मनातून अजून पुसलेला नाही. पोटासाठी चार बदके फसवणारा गुन्हेगार आणि करमणुकीसाठी चार हजार पाडणारा सन्माननीय अतिथी! फसवणुकीचा न्याय आपण फसवणुकीवरून करीत नाही, फसवणाऱ्याच्या पायांतल्या जोड्यांवरून करतो, हे यावरून ध्यानात यावे. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी दिली, तीत हंस आणि चक्रवाक आहेत. तेथे मारणारा कोण याचा विचार नाही, मरणारा कोण याचा आहे. न्यायाची सुरुवात तेथून व्हावी.

आणि ही विद्या केवळ मारण्याच्याच कामी येते असेही नाही. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात सालिम अली आणि मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पक्षी जिवंत पकडून पायात कडी घालायची होती. हे काम पदवीधरांना जमेना. ते जमले बिहारच्या मीरशिकारांना, म्हणजे पिढीजात पक्षी धरणाऱ्यांना. तेच फासे, तीच जाळी, तेच सोंग. फक्त शेवटी मान पिरगळण्याऐवजी कडी घालून हात उघडायचा. इंग्लंडात स्लिमब्रिजला जुन्या काळी बदके मारण्यासाठी केलेला सापळाही पुढे याच कामाला लागला. याचा अर्थ असा की, साधनाला पाप चिकटून राहत नाही. ते हेतूला चिकटते, आणि हेतू बदलला की साधन धुतले जाते. तेव्हा बदके कुजू द्यावी हे म्हणणे मला पटले नाही.

येथे मराठी भाषेने आपल्यासाठी एक सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे 'सोंग' आणि 'ढोंग' असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत मोठा भेद आहे. जव्हार-मोखाड्यापासून सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात आदिवासी बांधव बोहाडा करतात. हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून गणपती, सरस्वती, रावण सांबळाच्या तालावर नाचत येतात. त्यांना सोंगेच म्हणतात. मुखवट्यामागे शेजारचा माणूस आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. ते पाहणाऱ्याला ठाऊक आहे हे नाचणाऱ्याला ठाऊक असते. आणि तरीही हात जोडले जातात. सोंगात दोन्ही बाजूंना सत्य माहीत असते. ढोंगात ते एकाच बाजूला माहीत असते आणि दुसऱ्या बाजूला कळू नये यासाठी सारा आटापिटा असतो.

तळ्यावरचे बुचाचे बदक हे ढोंग. कारण थव्याला सत्य ठाऊक नाही. तेच बदक फडताळात येऊन बसले की त्याचे सोंग होते. त्याला पाहून कोणी खाली उतरणार नाही, आणि करणाऱ्याने बदकाची मान किती बारकाईने न्याहाळली होती हे निवांत पाहता येते. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा बदकाला तळ्यावर कामच उरलेले नाही. म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येते: दुरुस्त करावे, निगुतीने करावे.

राहिला सुतारबाबांचा प्रश्न, आणि तो अधिक अवघड निघाला. कारण मध्यंतरी माझ्या स्नेह्यांकडे एक गिऱ्हाईक आले होते. भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी निवासगृह चालवणारे हे गृहस्थ. त्यांना बदके हवी होती, पण नव्यासारखी रंगवलेली, वर थोडा धूर देऊन जुनी केलेली. आणि खाली पाटी लावायची होती की, 1910 ते 1926 या काळात धरण बांधताना येथे राहिलेल्या इंग्रज इंजिनिअरांची ही बदके. किंमत त्यांनी चांगली देऊ केली. स्नेह्यांना मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. सुतारबाबांनाही रंगाची मजुरी फटी भरण्यापेक्षा दुप्पट मिळाली असती. "यात कुणाचं काय जातं, गुरुजी?" असे स्नेही मला म्हणाले, आणि तो प्रश्न निर्लज्जपणाचा नव्हता, अडचणीचा होता.

कुणाचे काय जाते? हा प्रश्न टाळून नीतीविषयी बोलण्यात अर्थ नाही. पाटी वाचणारा प्रवासी दुखावला जाणार नाही. उलट दोन क्षण सुखावेल. बदके करणारा परदेशी कारागीर कोण हेच ठाऊक नाही. धरण बांधणारे केव्हाच गेले. सकृद्दर्शनी नुकसान कोणाचेच नाही. पण तळ्याकडे पुन्हा पाहा. प्रवासी त्या पाटीपुढे थांबतो तो लोभाने नव्हे. 'या गावातले लोक आपल्या गावाविषयी खरे सांगतील' या विश्वासाने तो थांबतो. म्हणजे जे बुचाचे बदक थव्याशी करीत होते तेच आपण आता त्याच्याशी करणार. फडताळात येऊन सोंग झालेले बदक पुन्हा ढोंग होणार. फरक एवढाच की या खेपेला सावज माणूस आहे. आणि अशा बाजाराला अंत नाही. एल्मर क्रॉवेल नावाच्या अमेरिकन कारागिराची दोन बदकवर्गीय सोंगे 2007 साली प्रत्येकी 11 लाख 30 हजार डॉलरना विकली गेली. अशा बाजारात मूळ रंगाला मोल असते, नव्या रंगाने ते घटते. म्हणूनच नवा रंग जुना म्हणून दाखवण्याचा मोह तेथेही आहे. मोठ्या बाजारातले पाप आणि आमच्या गावातले पाप यांत रकमेचाच काय तो फरक.

मग जुने ते तसेच ठेवावे, काहीच बदलू नये, असे म्हणावे काय? तेही टिकत नाही. मिलिंद राजाला नागसेनाने रथाचे उदाहरण दिले: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. तसेच बूच म्हणजे बदक नव्हे, खिळा नव्हे, रंगही नव्हे. खिळा बदलला म्हणून बदक संपत नाही. पण नागसेनाच्या युक्तिवादाने 'सगळेच बदलले तरी काय बिघडले' असे म्हणण्याची मुभा मिळते असे मला वाटत नाही. वास्तूंच्या जतनाविषयी 1964 साली व्हेनिस येथे जी सनद झाली तिचा एक विचार येथे उपयोगी पडतो: जेथून अंदाज सुरू होतो तेथे दुरुस्ती थांबली पाहिजे. फट होती हे दिसते, म्हणून फट भरावी. पंखावर कोणता रंग होता हे दिसत नसेल तर तो कल्पनेने देऊ नये. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातल्या पिंडीभोवती चार खांबांपैकी तीन मोडलेले आहेत आणि एकच उभा आहे. लोक त्या चार खांबांना चार युगे म्हणतात. मोडक्या जागी नवे तीन खांब उभारले तर ती कथाही संपेल आणि उरलेल्या एका खांबाकडे पाहून जो धाक वाटतो तोही संपेल. मोडलेपण हेही वस्तूने आपल्याला सांगितलेले एक सत्य असते.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्याच्या घरी वसतिगृहाचे पैसे भरायचे नाहीत त्याने सत्याचा आग्रह धरणे स्वस्त असते. मी स्नेह्यांना उपदेश केला नाही. सुतारबाबांचे वाक्य तेवढे त्यांना सांगितले. ते दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी बाबांना निरोप पाठवला की फटी भरा, जवसाचे तेल द्या, रंगाला हात लावू नका, आणि जेथे नवे बूच घालाल तेथे ते नवे आहे असे दिसू द्या. निवासगृहाच्या मालकांनी त्या बदकांत रस दाखवला नाही. पैसे स्नेह्यांनी दुसरीकडून उसने घेतले. सत्याला किंमत पडते, आणि ती बहुधा ज्याला परवडत नाही त्याच्याकडूनच वसूल होते. ज्या समाजाला खरेपणा हवा आहे त्याने ही किंमत वाटून घेण्याची काही सोय केली पाहिजे. नुसती स्तुती करून भागणार नाही.

दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून खरी बदके आपल्या मुलखात येऊ लागतात. पैठणच्या नाथसागरावर, नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत तलवार बदके, थापटे, चक्रवाक उतरतात. हजारो कोस उडून आलेला थवा खाली पाहतो आणि जेथे आपल्यासारखे कोणी निवांत बसलेले दिसते तेथे पंख मिटतो. एवढ्या प्रवासात त्याच्यापाशी दुसरे कोणते प्रमाण असणार? माणसांचेही फार वेगळे नाही. आपण ज्या गावात उतरतो, ज्या दुकानात शिरतो, ज्याच्या शब्दावर मुलगी देतो, तेथे आपण चौकशी किती केलेली असते? इतर निवांत बसलेले दिसतात म्हणून आपणही बसतो. हा विश्वास मूर्खपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. तो सोडला तर उडत राहणेच नशिबी येईल. तेव्हा राखायचे ते एवढेच की, पाण्यावर दिसणारे प्रत्येक बदक खरे असावे. आणि जे खरे नसेल त्याच्या अंगावर, जवळ येणाऱ्याला दिसेल अशी, आपण घातलेल्या नव्या बुचाची खूण असावी.